चाळिशीचा डोळा



मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर माझी शाळा म्हणजे इचलकरंजीचा यंत्रमाग. तरी डोळ्यांविषयी बोलायला उभा आहे, त्याला कारण माझी एक चूक आहे.

आमच्यात वहीफणीचे काम करणारे एक वडीलधारे कामगार होते. एकेक तार वहीतून, मग फणीतून ओढायची, असे ते काम. पंचेचाळिशी उलटली आणि त्यांच्या तारा चुकू लागल्या. कापडात दोष निघाला, मालकाने मजुरी कापली. कपातीविरुद्ध मी भांडलो, पण एकांतात त्यांना म्हणालो, "मामा, तुमचं लक्ष नाही राहिलं कामात." ते गप्प राहिले. दिसत नाही म्हटले तर काम जाईल, ही त्यांची भीती मला फार उशिरा कळली.

पुढे माझ्याच हातातले पत्रक लांब धरल्याशिवाय वाचता येईना, तेव्हा मी पुस्तके उघडली. बाहुलीमागे एक भिंग असते. जवळचे पाहताना भोवतालचा स्नायू आवळतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होते. पण हे भिंग जन्मभर वाढत असते. थरावर थर चढून ते कडक होते. स्नायू राबतो, भिंग फुगत नाही. शिवाय बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते. विशीच्या मानाने साठीच्या डोळ्यातील पडद्यावर सुमारे तिसरा हिस्सा उजेड पोचतो.

हा रोग नव्हे, आळस तर नव्हेच. चष्म्याला 'चाळिशी' म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते! उपाय साधा: जवळचा चष्मा आणि कामावर भरपूर उजेड. आसामातील चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मे मिळालेल्यांचे पाने खुडण्याचे काम इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. चष्मा लावूनही धूसर दिसत असेल, तर मात्र ते वयावर ढकलू नये. मोतीबिंदू असू शकतो, डोळे तपासून घ्यावेत.

आता आमच्या मागणीपत्रात बोनसच्या खाली दोन कलमे असतात: चाळिशीनंतर नेत्रतपासणी आणि मागावर पुरेसा दिवा. मामांनी तोवर काम सोडले होते.

आपल्या घरात, दुकानात, कचेरीत कोणी वडीलधारे चुकू लागले, तर बोल लावण्याआधी त्यांना नीट दिसते का, एवढे विचारा. ते मी विचारले नव्हते.