गिरणगावची मिळवलेली सुट्टी



बंगळूरच्या सर्जापूर रोडवरील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी १ मे हा दुहेरी सण असतो, कारण तो जागतिक कामगार दिन आहे आणि १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

परंतु कामगाराची सुट्टी ही दिलेली नव्हे, मिळवलेली गोष्ट आहे.

तिचा मराठी इतिहास मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळी, भायखळा या कापडगिरण्यांच्या वस्तीत घडला.

सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि तिच्या लढ्यामुळे १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली.

शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी दिलेल्या लढ्याच्या स्मरणार्थ १ मे हा कामगार दिन ठरला आणि भारतात तो प्रथम १९२३ साली मद्रासमध्ये सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने साजरा झाला.

गिरणगावात कामगारांच्या मागण्यांना शाहिरीचा आवाज लाभला, कारण अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने लोकनाट्य आणि पोवाडे, म्हणजे वीरकथा सांगणारी गीते, श्रमिकांच्या वस्त्यांपर्यंत नेली.

गिरणी कामगारांच्या १९८२ च्या दीर्घ संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी कार्यालये व मनोरे उभे राहिले.

यंत्रमागाऐवजी आज संगणक आहे, तरी कामाच्या तासांचा प्रश्न तोच आहे.

म्हणून श्रोतेहो, १ मेची सुट्टी घेताना एवढे ध्यानात असावे : ती दिलेली नव्हे, मिळवलेली आहे.