गिटारवर जॅझच्या जुन्या चाली

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या सप्रयोग व्याख्यानाचं शब्दांकन. वाजवून दाखवलेला भाग अर्थातच कागदावर येऊ शकत नाही.)



उत्सवात आतापर्यंत भजन झालं, नाट्यसंगीत झालं, काल भावगीतं झाली. आज गिटार, आणि तीही जॅझची! कार्यक्रमपत्रिका वाचून काही ज्येष्ठांच्या भुवया वर गेल्या असतील. त्यांनाच आधी सांगतो : आज ऐकाल त्या चाली परक्या असतील, पण त्या वाजवण्याची रीत तुम्हाला मुळीच परकी वाटणार नाही.

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाचं संगीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात ते आकाराला आलं. पण जॅझवाले ज्या जुन्या चाली पिढ्यानपिढ्या वाजवत आले, त्यांतल्या कितीतरी चाली मुळात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या आहेत. त्यांची संगीत नाटकं होती, तशी आपलीही होती. आपल्याकडे १९११ साली 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली दिल्या. आज ते नाटक किती जणांनी पाहिलंय? पण पदं मात्र मैफलीत आजही रंगतात. तिकडेही हेच झालं. जेरोम कर्न या संगीतकाराचं 'व्हेरी वॉर्म फॉर मे' हे नाटक १९३९ मध्ये आलं आणि ५९ प्रयोगांत गुंडाळलं गेलं. त्यातलं 'ऑल द थिंग्ज यू आर' हे एक गाणं जॅझवाल्यांनी उचललं, आणि आज जगातला असा जॅझ वादक सापडणं कठीण की ज्याला ते येत नाही. नाटक पडलं, चाल राहिली.

ही चाल राहिली कशी? जशीच्या तशी जपून नव्हे. जॅझमध्ये चाल ही बंदिशीसारखी असते. आधी ती सरळ मांडायची आणि मग तिच्या आधाराने आपल्या मनातलं वाजवायचं. बहुतेक चाली ३२ बारांच्या असतात. एक बार म्हणजे चार मात्रा. म्हणजे एका फेरीत १२८ मात्रा, आपल्या तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. वादक कितीही दूर भटकला तरी आपण कुठल्या बारात आहोत हे त्याला ठाऊक असावंच लागतं. समेवर यायचं असतं हो!

फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे तंबोरा खाली एक षड्ज धरून ठेवतो. जॅझमध्ये खालची जमीनच सरकत असते. दर बाराला, कधी दर दोन मात्रांना कॉर्ड बदलते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन, चार किंवा अधिक स्वर. ही सरकती जमीन आणि तिच्यावरून चालणारी चाल, दोन्ही एकाच वाद्यावर वाजवायच्या म्हटल्या की गिटारवाल्याची खरी परीक्षा सुरू होते. पियानोवाल्याकडे दहा बोटं आहेत. आमच्याकडे सहा तारा आणि त्या दाबायला डाव्या हाताची चार बोटं. सगळं वाजवणं शक्यच नाही. म्हणून गिटारवर जॅझ शिकणं म्हणजे मुख्यतः काय सोडायचं ते शिकणं. आज मला एवढंच सांगायचं आहे.

सुरुवातीला तर गिटारचा आवाजच कुणाला ऐकू जात नसे. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम यांच्या गर्दीत बिचारी मागे बसून ठेका धरायची. तिथेच एकाने आयुष्य काढलं : फ्रेडी ग्रीन. १९३७ मध्ये ते काउंट बेसींच्या वाद्यवृंदात आले आणि १९८७ मध्ये मृत्यू आला तोपर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं, तिथेच राहिले. एकल वादन जवळजवळ नाहीच. मात्रेमात्रेला एक कॉर्ड, आणि तीही कित्येकदा दोन-तीन तारांचीच. पण संपूर्ण वाद्यवृंद त्या आघातावर चालायचा. आपल्याकडे चांगल्या तबलजीचा नुसता ठेकाही ऐकत राहावासा वाटतो, तसंच.

मग विजेवर आवाज मोठा करणारी गिटार आली. चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या चमूत दाखल झाला आणि गिटारवर एकेक स्वराची लांब ओळ सॅक्सोफोनसारखी वाजवू लागला. मागच्या रांगेतली गिटार पुढे आली. १९४२ मध्ये क्षयाने तो गेला तेव्हा त्याचं वय अवघं २५ होतं. जेमतेम दोन वर्षांच्या त्या कामावर पुढचे सगळे गिटारवाले उभे आहेत.

आणि युरोपात जँगो राइनहार्ट. भटक्या जिप्सी कुटुंबातला हा मुलगा. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाली. कॉर्ड धरताना ती दोन बोटं थोडीफार टेकवता येत, बाकी सगळं वादन दोन बोटांवर. चार बोटांसाठी ठरलेल्या जागा त्याने सोडून दिल्या, स्वतःच्या नव्या शोधल्या, आणि १९३४ पासून पॅरिसमध्ये व्हायोलिन वादक स्टेफान ग्रापेलींसह त्याने जे वाजवलं ते ऐकून चार बोटंवाले आजही चकित होतात.

आता प्रत्यक्ष काय सोडायचं ते पाहू. घरी गिटार असेल त्यांनी हे करून पाहावं. जॅझमध्ये पुन्हापुन्हा येणारी तीन कॉर्डची एक साखळी आहे : डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. नावांना घाबरू नका. आपण सी हा स्वर 'सा' मानू. प्रत्येक कॉर्डमध्ये चार स्वर आहेत, पण कॉर्डचा स्वभाव सांगणारे त्यांत दोनच असतात, तिच्या मूळ स्वरापासून मोजलेले तिसरा आणि सातवा. मूळ स्वर साथीचा बास वादक वाजवतोच. पाचवा गाळला तर सहसा कुणाला कळतही नाही.

हे दोन स्वर आपण खुणेचे स्वर म्हणू. पहिल्या कॉर्डमध्ये ते आहेत म आणि सा. चौथ्या तारेवर तिसरा पडदा, तिसऱ्या तारेवर पाचवा पडदा. दुसऱ्या कॉर्डमध्ये म आणि नी. म तिथेच राहिला, सा एक पडदा खाली आला. तिसऱ्या कॉर्डमध्ये ग आणि नी. आता नी तिथेच राहिला आणि म एक पडदा खाली आला. संपलं! तीन कॉर्डसाठी हात फक्त दोनदा हलला, आणि तोही एकेका पडद्याने. मुलं सहा तारांवर सहा ठिकाणी बोटं ताणून रडकुंडीला येतात, त्यांना आधी हे दोन स्वर द्यावेत. सहा तारा धडाधड वाजवल्या तर नुसता गोंगाट होतो. हे दोनच वाजवा, कानाला कॉर्ड आपोआप पूर्ण ऐकू येते.

चाल कुठली घ्यावी? मी नवीन मुलांना 'ऑटम लीव्हज' देतो. चाल जोसेफ कोस्मा यांची, १९४५ ची, मूळ शब्द फ्रेंच कवी जाक प्रेव्हेर यांचे. पहिले तीन स्वर पायरीपायरीने चढतात, मग एका उंच स्वरावर उडी मारून थांबतात. पुन्हा तोच आकार, एक पायरी खाली. पुन्हा, आणखी एक पायरी खाली. गंमत अशी, की हे जे थांबलेले लांब स्वर आहेत तेच खालच्या कॉर्डचे खुणेचे स्वर आहेत. आधी तिसरा म्हणून येतो, आणि खालची कॉर्ड बदलली की तोच स्वर सातवा होतो. स्वर हलला नाही, त्याचा अर्थ बदलला. म्हणून मी सांगतो, आधी चाल गाता आली पाहिजे. आपल्याकडे गुरू बंदिश तोंडपाठ झाल्याशिवाय आलाप करू देत नाहीत, ते उगाच नाही. कागदावरचे आकडे पाहून बोटं पळतात, पण कागद काढून घेतला की थांबतात. गायलेली चाल बोटांना वाट दाखवते.

पुढे मग ज्याचा त्याचा मार्ग. वेस माँटगोमरी दिवसा कारखान्यात काम करून रात्री वाजवायचे. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्यांनी पिक सोडलं आणि अंगठ्याने वाजवायला सुरुवात केली, असं सांगतात. तो मऊ, गोल आवाज हीच त्यांची ओळख झाली. जिम हॉल यांनी पियानिस्ट बिल एव्हान्सबरोबर १९६२ मध्ये 'अंडरकरंट' ही रेकॉर्ड केली. फक्त दोन वाद्यं, आणि दोघंही एकमेकांसाठी जागा सोडत वाजवतात. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात दोन स्वरांमधल्या जागेची किंमत मी काय सांगणार! आणि जो पास यांनी १९७३ मध्ये 'व्हर्च्युओसो' या रेकॉर्डवर एकट्याच्या गिटारवर चाल, कॉर्ड आणि खालचा बास असं सगळं ऐकवलं. नीट कान दिला तर कळतं, की तिन्ही गोष्टी एकाच क्षणी क्वचितच वाजतात. एक सोडून दुसरी धरतात, आणि राहिलेलं आपला कान भरून काढतो.

हे संगीत आपल्या घरात पूर्वीच आलेलं आहे, हेही सांगितलं पाहिजे. मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, आणि तेच दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसत. ट्रंपेट वादक चिक चॉकलेट हे त्यांच्यापैकी एक. आपले सी. रामचंद्र यांना त्यांची साथ होती. भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' आठवा. ज्या गाण्यांवर आमच्या आधीची पिढी नाचली, त्यांत हा जॅझचा झोका होताच.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आपण इथे पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं. घरातली नातवंडं मराठी बोलतात, पण मध्येच हिंदी क्रियापद येतं, लिंग चुकतं. आपण प्रत्येक शब्दाला टोकतो, आणि मग ते पोर हिंदीतच बोलायला लागतं. गिटारच्या वर्गातही मला हेच दिसतं. पहिल्या दिवशी सहाही तारांची शुद्ध कॉर्ड मागितली, की चौथ्या आठवड्यात गिटार पलंगाखाली जाते. दोन स्वर दिले, ते बरोबर लागले, की मूल स्वतःहून तिसरा शोधतं. सगळंच राखायला गेलं तर हातातलं सगळंच निसटतं. खुणेचे स्वर कोणते ते मात्र मोठ्यांनी ओळखायला हवेत. गाळायचं काय हे कळायला आधी मूळ चाल पुरती यावी लागते, आणि ती जबाबदारी आपली.

मंडळाला एक विनंती. बालकलाकारांच्या कार्यक्रमात पुढच्या वर्षी वाद्यांसाठी पाच-दहा मिनिटं वेगळी ठेवावीत, आणि मुलांना 'संपूर्ण गाणं बसवून आणा' असं सांगू नये. आठ बार वाजवले तरी टाळ्या द्याव्यात.

फार बोललो. आता गिटार हातात घेतो. 'ऑटम लीव्हज' तीन फेऱ्या वाजवीन. पहिल्या फेरीत चाल आणि खुणेचे स्वर, दुसरं काही नाही. दुसऱ्या फेरीत मला जे सुचेल ते. तिसऱ्या फेरीत पुन्हा चाल. दुसऱ्या फेरीत मनातल्या मनात मूळ चाल गुणगुणत राहा, म्हणजे मी कुठे आहे ते तुम्हाला बरोबर कळेल.

गणपती बाप्पा मोरया!