देवघेवीची नोंदवही काय सांगते?



शालेय ग्रंथालयातील देवघेवीची नोंदवही आपण बहुधा तपासणीच्या दिवशीच उघडतो. बेरीज जुळली की मिटतो. मूळचे गणिताचे अध्यापक असलेल्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीत पहिला मान ग्रंथांच्या वापराला दिला, जपणुकीला नव्हे. तो वापर दिसतो या नोंदवहीत.

मात्र एकूण आकड्यावर विसंबू नये. महिन्यात शंभर पुस्तके गेली, असे समजा. ती वीसच मुलांनी नेली असतील, तर इतरांसाठी ग्रंथालय बंदच होते. म्हणून इयत्तावार, मुले-मुली अशी फोड करावी. ज्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही, त्यांची यादी आधी करावी. देवघेव शाळा सुटल्यावर होत असेल, तर एस.टी. गाठण्यासाठी धावणाऱ्या मुलीला पुस्तक कधी मिळणार? वेळ मधल्या सुटीत आणावी आणि पुढील महिन्याचे आकडे मागील महिन्याशी ताडून पाहावेत.

कपाटातून न हललेली पुस्तके अवश्य पाहावीत. पण शब्दकोश निरुपयोगी ठरवू नये. तो जागेवरच चाळला जातो, त्याची नोंद होत नाही. आणि आकडा फुगविण्यासाठी सक्ती तर नकोच. तसे नेलेले पुस्तक दप्तरातून न उघडताच परत येते. नोंदवहीला ते कळत नाही. परत घेताना मुलाशी दोन शब्द बोलले, तर शिक्षकाला कळते.