आरोपीचा कैवारी



एखाद्या निर्घृण खुनाची वार्ता कानीं आली कीं आपल्यांतील सज्जन माणसेंहि म्हणतात, "असल्या नराधमास वकील कशाला?" हा प्रश्न आम्हांसहि पडत असे. खंडव्याच्या खटल्याची हकीकत वाचल्यापासून मात्र आम्ही तो विचारीत नाहीं.

मध्यप्रदेशांतील खंडवा येथें २०१३ सालीं एका बालिकेवर अत्याचार करून तिची हत्या झाली. एका गरीब तरुणास पकडण्यांत आलें. न्यायालयानें त्यास सरकारी खर्चानें वकील दिला. परंतु ज्या दिवशीं वकील नेमला त्याच दिवशीं आरोप निश्चित झाले. कागद वाचण्यास, अशिलाशीं दोन शब्द बोलण्यास अवकाश कोठला? सुमारें पंधरवड्यांत साक्षीपुरावे आटोपून फांशीची शिक्षाहि झाली.

वकिलाची जागा रिकामी नव्हती, हें ध्यानांत घ्या. गरिबांस मोफत कायदेशीर साह्य मिळावें म्हणून १९७६ सालीं राज्यघटनेंत ३९-अ हें कलम घातलेलें होतें. माणूस उभा होता, पण कैवार घेणारा नव्हता.

दानिएलाच्या ग्रंथांतील सुसान्नेची कथा आपणांस ठाऊक आहे. (आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या पवित्र शास्त्रांत ती आढळत नाहीं.) दोघा वृद्धांच्या साक्षीवर तिला देहान्ताची शिक्षा ठरली होती. तरुण दानिएलानें लोकांस मागें फिरविलें, दोघांस वेगवेगळें उभें केलें आणि विचारलें, तिला कोणत्या झाडाखालीं पाहिलें? दोघांनीं दोन झाडें सांगितलीं. उलटतपासणी म्हणतात ती हीच. आणि तिला वेळ लागतो.

२०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खंडव्याची शिक्षा रद्द करून खटला नव्यानें चालविण्याची आज्ञा केली. जन्मठेप किंवा फांशी होऊं शकेल अशा खटल्यांत नेमावयाचा वकील निदान दहा वर्षें वकिली केलेला असावा, व तयारीस त्यास सामान्यतः सात दिवस तरी मिळावेत, असें ठरविलें. पुढें २०२४ सालीं तो तरुण निर्दोष सुटला. त्याचीं अकरा वर्षें गेलीं. आणि त्या बालिकेचा मारेकरी कोण, हा प्रश्न जेथल्या तेथें राहिला. घाईनें तिलाहि न्याय दिला नाहीं.

आपल्या ओळखीच्या कोणाचा मुलगा कोठडींत असेल तर लाजेनें दार लावून बसूं नका. १९८७ च्या कायद्यान्वयें कोठडींतील माणसास मोफत वकिलासाठीं उत्पन्नाची अट नाहीं. अर्ज जिल्हा न्यायालयांतील विधिसेवा प्राधिकरणाकडे करावा. वकील नेमला गेला कीं एवढेंच विचारा: तो मुलास भेटला काय?