यंत्रामागील माणूस
(व्याख्यानाचा पाठ)



शाळेत संगणक आले की शिक्षण सुधारते, असा समज सर्वत्र दृढ झालेला आहे. संगणक घेण्यास द्रव्य पुरते. त्यांच्याद्वारे विद्यार्थी शिकावा यासाठी मात्र द्रव्याहून अधिक काही लागते. अमेरिकेतील दोन शहरांचा अनुभव या दृष्टीने मननीय आहे.

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार बहुतांशी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक संस्थेकडे असतो. हा महसुली जिल्हा नव्हे; एका परिसरातील शाळांचे मिळून बनलेले ते शिक्षणक्षेत्र होय. त्याचा तंत्रज्ञान विभाग शाळांना इंटरनेट पुरवितो, बिघडलेली यंत्रे दुरुस्त करतो, विद्यार्थ्यांची माहिती सुरक्षित राखतो आणि शिक्षकांना प्रशिक्षण देतो. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून उभ्या राहिलेल्या ‘ई-रेट’ योजनेमुळे परिसरातील दारिद्र्याच्या प्रमाणात इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळते. मात्र ती घेणाऱ्या शाळांनी अनिष्ट मजकुरास प्रतिबंध करावा, असे बंधन २००० च्या कायद्याने घातले.

उत्तर कॅरोलिना राज्यातील मूर्सव्हिल हे लहानसे शहर. मार्क एडवर्ड्स हे २००७ मध्ये तेथील शिक्षणप्रमुख झाले. विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांच्या हाती संगणक देण्यात आले. त्यानंतर चौथी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास लॅपटॉप मिळाला. दुरुस्तीसाठी पालकांकडून वार्षिक ५० डॉलर घेतले जात. २००८ मध्ये शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के होते. ते २०११ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले. विशेष म्हणजे दर विद्यार्थ्यामागील खर्चात हे क्षेत्र राज्यातील ११५ क्षेत्रांत शंभरावे होते. अर्थात याच काळात शिक्षकांची काही पदे कमी करण्यात आली आणि वर्गातील संख्या वाढली, हेही विसरता येत नाही. यशाचे सारे श्रेय केवळ यंत्राला देणे म्हणूनच उचित ठरणार नाही.

याउलट चित्र लॉस एंजेलिसचे. देशातील या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या शिक्षणक्षेत्राने २०१३ मध्ये सर्व विद्यार्थ्यांना आयपॅड देण्याची भव्य योजना आखली. वाटप सुरू होताच काही शाळांतील विद्यार्थ्यांनी त्यांतील निर्बंध सहज दूर सारले. त्यावरील अभ्यासक्रमही अपूर्ण होता. ऑगस्ट २०१४ मध्ये करार थांबवावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये शिक्षणप्रमुखांनी पद सोडले. खरेदी आधी झाली, तयारी मागे राहिली. परिणामी अपार द्रव्य खर्चूनही हेतू साधला नाही.

या दोन उदाहरणांतील भेद यंत्रांच्या संख्येचा नाही, क्रमाचा आहे. प्रथम शिक्षकाची सिद्धता, मग जोडणी व दुरुस्तीची व्यवस्था आणि शेवटी विद्यार्थ्याच्या हाती साधन, हा क्रम होय. शाळेस संगणक देणाऱ्या प्रत्येक दात्याने आणि तो स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेने एक प्रश्न अवश्य विचारावा : पुढील वर्षी हे यंत्र बिघडले, तर ते कोण दुरुस्त करील आणि त्याचा खर्च कोठून येईल? कोनशिलेवर दात्याचे नाव कोरले जाते. पण धूळ झटकून यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्या माणसाच्या वेतनाची तरतूद करणे, हेही तितकेच मोलाचे दान आहे. ती तरतूद झाली, तरच ज्ञानाचे साधन कपाटात बंद न राहता विद्यार्थ्याच्या हाती राहील.