अलिबागेला जावे कसे?

मुंबईच्या माणसाला विचारा, अलिबाग किती लांब? एकजण म्हणेल, "हे काय, समोरच तर आहे!" दुसरा म्हणेल, "छे हो, अर्धा दिवस मोडतो." गंमत अशी, की दोघेही खरे बोलतात. गेट वे ऑफ इंडियापासून मांडव्याचा धक्का सरळ रेषेत पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. मात्र तोच अलिबाग तालुका गाडीरस्त्याने गाठायचा म्हटला, की सुमारे शंभर किलोमीटरचा वळसा पडतो. मध्ये मुंबईचे बंदर आहे आणि धरमतरची खाडी आहे. मुंबईहून निघालेली मोटार ठाण्याची खाडी ओलांडते, पनवेल-पेण करीत वडखळपर्यंत खाली उतरते आणि तेथून उजवीकडे वळून पुन्हा समुद्राकडे येते. नकाशावर बोट फिरवून पाहा. घोड्याच्या नालासारखी आकृती होते.

तेव्हा प्रश्न साधा आहे: पाण्यावरून सरळ जावे, की जमिनीवरून वळसा घालून जावे? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुतेकजण फक्त घड्याळाकडे बघून देतात, आणि तेही भलतेच घड्याळ. लाँच तासाभरात मांडव्याला पोचते, हे खरे. पण तुम्ही राहता दादरला किंवा बोरिवलीला. घरातून स्टेशन, स्टेशनातून लोकल, लोकलमधून उतरून टॅक्सी किंवा बस, मग धक्क्यावरची रांग. समुद्रावरचा तास यानंतर सुरू होतो. मांडव्याला उतरल्यावर धक्क्यावरून चालत बसपर्यंत जायचे, आणि तेथून अलिबाग आणखी वीस किलोमीटर. मोठ्या लाँचकंपन्यांच्या तिकिटात या बसचे भाडे धरलेले असते ही सोय चांगली आहे, पण वाटेत तीन-चार वेळा सामान उचलावे लागते ते लागतेच. घराच्या उंबऱ्यापासून मोजलेत तर तासाचे तीन तास सहज होतात. एस्. टी.चे साडेतीन तास मग तितकेसे भयंकर वाटत नाहीत.

हे सांगितले म्हणून लाँचने जाऊच नये असे मात्र माझे म्हणणे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सकाळच्या लाँचसारखा दुसरा प्रवास नाही. समुद्र निवांत असतो, मागे मुंबई लहान लहान होत जाते, नांगरलेली जहाजे अगदी जवळून दिसतात. हाती एखादीच पिशवी असेल, पाय धड असतील आणि घर दक्षिण मुंबईत असेल, तर डोळे मिटून गेट वे गाठावे. फक्त उतरल्या उतरल्या परतीची शेवटची लाँच किती वाजता सुटते, हे विचारून ठेवावे. रविवारी संध्याकाळी मांडव्याच्या धक्क्यावर जी गर्दी होते, ती सकाळच्या प्रसन्न माणसांचीच असते, हे पाहून खरे वाटत नाही.

मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जहाज जाऊ लागले. यात मोटारी पोटात घालून नेण्याची सोय आहे. जहाज मोठे, त्यामुळे लाटेने फारसे हेलकावत नाही; लाँचमध्ये ज्यांना मळमळते त्यांनी याचाच विचार करावा. मोटारवाल्याला रस्त्यावरचा वळसा वाचतो आणि पलीकडे उतरल्यावर किहीम, आवास, नागाव हिंडायला गाडी हाताशी राहते. ज्याच्याकडे मोटार नाही त्यालाही जाता येते, पण मांडव्याहून पुढच्या वाहनाची चौकशी त्याने आधी केलेली बरी.

तिसरी जलवाट जुनी, भाऊचा धक्का ते रेवस. सहलीला जाणारे लोक तिच्याकडे वळत नाहीत. ती वापरतात तिकडची माणसे: भाजीवाल्या, नोकरदार, माहेरी निघालेल्या लेकी. स्वस्तही तीच. हिची अडचण म्हणजे गाळ. रेवस धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी आहे आणि ओहोटीला तेथे पाणी इतके उतरते, की लाँचला धक्क्याला लागणे कठीण होते. म्हणून तिचे खरे वेळापत्रक चंद्राच्या हाती असते. त्याच्याकडे मी पुढे येतो.

आगगाडीचे काय? आगगाडी अलिबागेला जात नाही. हार्बर मार्गाने पनवेल, तेथून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने पेण, आणि पेणहून तीस किलोमीटर एस्. टी. किंवा रिक्षा. गाड्या थोड्या आहेत. वेळ जुळली तर उत्तम, नाही तर पेणच्या फलाटावर बसून राहावे. गणपतीच्या मूर्ती पाहायच्या असतील तर मात्र हीच वाट धरा, पेणला एक दिवस काढा. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत लोहमार्ग टाकलेला आहे. थळ म्हणजे अलिबागचा शेजारच. त्यावरून खत जाते, माणसे जात नाहीत. उतारूंची गाडी सुरू करा ही मागणी तिकडचे लोक कितीतरी वर्षे करीत आले आहेत. अलिबागला विजेची गाडी नाही याचा फायदा एका संस्थेला मात्र झाला. मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस नेली, ती मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने वेधयंत्रांच्या सुया बिघडणार म्हणून. वाहतुकीपासून दूर जाण्यासाठी अलिबाग गाठणारी ही पहिली मुंबईकर!

आता रस्ता. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर. तेव्हापासून "आता अलिबाग तासाभरावर आले" असे बोलले जाते. हे मला पटत नाही. पुलाने वेळ वाचवला तो मुंबईच्या बाजूचा, वाशी-पनवेलच्या वर्दळीतला. अलिबागचा खोळंबा तेथे नव्हताच. तो आहे वडखळपासून पुढे, पोयनाड आणि कार्ले खिंडीपर्यंतच्या रस्त्यावर, जेथे अवजड मालट्रक, एस्. टी. आणि सहलीच्या मोटारी एकाच पट्ट्यात शिरतात. पळस्पे ते इंदापूर या महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले; त्या कामाची रखडकथा कोकणच्या चाकरमान्याला मी सांगायला नको. तेव्हा शनिवारी सकाळी नऊला मोटार काढून, टोल भरून, पुलावर ऐटीत पंधरा मिनिटे वाचवायची आणि वडखळला एक तास घालवायचा, हा सौदा कितपत शहाणपणाचा? मोटारीनेच जायचे असेल तर पहाटे पाचला निघा. बिछान्यातून लवकर उठण्याइतके स्वस्त वाहन दुसरे नाही. फटफटीवाल्यांना तर अटल सेतूवर प्रवेशच नाही, हे लक्षात असू द्या.

एस्. टी.ची मी बाजू घेतो आहे असे तुम्हाला वाटू लागले असेल. घेतोच आहे. कारण हिशेब मांडून पाहा. ऑगस्ट २०२२पासून राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस्. टी.चा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३पासून बायकांना निम्मे तिकीट. आता एक कुटुंब घ्या: नवरा, बायको, नवऱ्याची आई वय वर्षे सत्तर, वडील सत्त्याहत्तर. लाँचला चार पुरी तिकिटे. एस्. टी.त नवऱ्याचे एक पूर्ण, बायकोचे अर्धे, आईचे अर्धे, वडिलांचे शून्य. म्हणजे चौघे मिळून दोन तिकिटांत. शिवाय म्हाताऱ्या माणसांना हलत्या फळीवरून लाँचमध्ये चढवायचे नाही, धक्क्यावर उन्हात चालवायचे नाही. एकदा बसले की अलिबागच्या स्टँडावर उतरायचे, आणि तेथून समुद्र चालत जाण्याच्या टप्प्यात.

पण पैसा आणि वेळ या दोन गोष्टींवरच वाट ठरवायची नसते. तिसरी गोष्ट पावसाळा. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेट वे ते मांडवा लाँच बंद असतात. दरवर्षी कोणी ना कोणी कुरकुर करतो, की आज तर ऊन पडले आहे, समुद्र शांत दिसतो, मग बंदी कशाला? याचे उत्तर बंदराच्या रचनेत आहे. मांडवा बंदराच्या तोंडाशी आहे. नैर्ऋत्येचा वारा आणि त्याने दूरवर उठवलेल्या लाटा तेथे थेट येऊन आदळतात. त्या लाटेला तुमच्या डोक्यावर पाऊस असावा लागत नाही. रेवस त्या मानाने आत, खाडीच्या आडोशाला. म्हणून तिकडची लाँच पावसातही हवामान पाहून चालवतात. रो-रो जहाज मोठे असल्याने तेही चालते, पण वादळी दिवशी फेऱ्या रद्द होतात.

आणि आडोसा म्हटले तरी तो किती? १७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या, घरी सण. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' बोट रेवसला निघाली. बंदराबाहेर काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले होते. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचवले. अलिबाग-रेवसच्या गावांत आजही अशी घरे आहेत, की जेथे पावसाळ्यात बोटीने जातो म्हटले की वडीलधारी माणसे दार अडवून उभी राहतात.

शांत समुद्रातही सावध असावे लागते. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली. पोलिसांच्या गस्तीच्या बोटीने सर्वच्या सर्व ८८ जणांना वाचवले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा माणसे गेली. बोटीला परवाना होता ८४ प्रवासी आणि ६ खलाशी यांचा. वर शंभरावर माणसे होती. दोष टक्कर देणाऱ्याचा असला तरी गर्दीने वाचण्याची संधी कमी होते, हे उघड आहे. म्हणून दोन गोष्टी विनासंकोच करा. लाँचमध्ये बसल्याबरोबर जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि अंगात घाला. नुसते मांडीवर ठेवू नका. पाण्यात पडल्यावर बंद बांधता येत नाहीत. आणि लाँच खचाखच भरलेली दिसली तर खाली उतरा. मागची धरा. लोक हसतील. हसू द्या.

आता चंद्राकडे वळू. कोकणच्या किनाऱ्यावर एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि दिवसातून हे चक्र दोनदा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार थोडा. एवढे ठाऊक असले की पंचांग पाहून घरबसल्या पुष्कळ समजते. अमावास्येला सकाळी सहाला रेवसला पाणी नसणार, हे धक्क्यावर जाऊन कळण्याची गरज नाही.

कुलाबा किल्ल्यालाही हाच हिशेब. ओहोटीला तेथे वाळूतून चालत जाता येते, भरतीला चहूकडून पाणी. भांगाच्या दिवशी ओहोटी असूनही घोट्या-गुडघ्याइतके पाणी राहू शकते, तेव्हा घोडागाडी करावी. समजा, तुम्ही निघालात त्या दिवशी षष्ठी आहे. भरती साडेचारला, ओहोटी साडेदहाला. सकाळी सहाची एस्. टी. धरलीत तर साडेनऊपर्यंत अलिबाग. स्टँडाजवळ चहा घ्या, दहाच्या सुमारास वाळूत उतरा, किल्ला पाहा, आणि साडेअकराच्या आत परत काठाला या. मुलांना आधीच बजावून ठेवा, की हाक मारली म्हणजे निघायचे. पाणी मागून येते तेव्हा आवाज करीत नाही.