यकृतातील मेद आणि झाडपाल्याचे औषध



पावसाळा सुरू झाला की निपाणी-बेळगाव परिसरातील शेतांच्या बांधांवर भुईआवळी आपोआप उगवते. काविळीवर ही वनस्पती द्यावी, हे ज्ञान घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु यकृतात मेद साठणे हा विकार काविळीहून निराळा आहे. कावीळ डोळ्यांत दिसते. हा विकार आरंभी दिसतही नाही आणि दुखतही नाही. मद्याला न शिवणाऱ्या मनुष्यासही तो होतो. वाढते पोट, मधुमेह, अतिगोड आहार आणि बैठे जीवन ही त्याची प्रमुख कारणे होत. दुर्लक्ष झाल्यास काही रुग्णांच्या यकृतावर वण पडतात व अखेर ते निकामी होते. म्हणूनच केंद्र शासनाने २०२१ साली या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

यावर झाडपाला उपयोगी पडेल काय? चीनमध्ये याच प्रश्नाचा शोध चालू आहे. तेथील एका कडू मुळातील बर्बेरीन हे पिवळे द्रव्य आपल्या दारुहळदीतही असते. त्याच्या काही चाचण्यांत यकृतातील मेद घटल्याचे आढळले. मात्र यकृतावरील वण त्याने भरून येतात, असे सिद्ध झालेले नाही. चीनच्याच श्रीमती तू यूयू यांनी जुन्या वैद्यकग्रंथातील नोंदीवरून हिवतापाचे औषध शोधले व त्यांस २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथातील नोंद ही आरंभ ठरली. मान्यता मिळाली ती कसोटीनंतर.

अशा कसोटीचे कार्य बेळगावातही चालते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने येथे २००६ साली स्थापिलेले केंद्र २०१५ पासून राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था म्हणून ओळखले जाते. पश्चिम घाटातील औषधी वनस्पतींचा अभ्यास हे तिचे एक प्रमुख कार्य होय.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हा समज मात्र सोडावयास हवा. चीनमधील हो शौ वू या मुळाने यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०२० साली मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे तज्ज्ञांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, नकळत चुकीची वनस्पती घेणे वा अधिक मात्रा घेणे धोक्याचेच.

तेव्हा कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. स्थूल व्यक्तीने शंभर किलोमागे सात ते दहा किलो वजन हळूहळू घटविल्यास यकृतातील मेद बराच कमी होतो. काढा घ्यावयाचाच असल्यास तो प्रशिक्षित वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावा, डॉक्टरांस तसे सांगावे आणि मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. शिक्षकांनी शाळेत ही माहिती दिल्यास ती घराघरांत पोहोचेल.